मोंतारेल टाइप

सानपाडा,
४ जानेवारी १९९७

प्रिय शोब्या,

तुझं न्यू इयरचं ग्रीटिंग मिळालं. त्यावर उंट होता. गेल्या वर्षीही उंटच होता. दुबईत दुसरं काही छापत नाहीत का रे?

इकडची खबर देतो. सोसायटीची टाकी गळायची ती गळतेच आहे, फक्त सेक्रेटरी बदलला. समोरच्या प्लॉटवर गार्डनचा बोर्ड लागून दोन वर्षं झाली, आता बोर्डावर वेल चढलाय, म्हणजे गार्डन झालं असं धरून चालायचं. वारा खाडीकडून असला की चिखलाचा वास आणि कारखान्यांच्या बेल्टकडून असला की केमिकलचा. मधल्या वेळात आपण श्वास घेतो.

तुझ्या घरी सगळे ठीक. मी तुमच्या डोक्यावरच राहतो, त्यामुळे मला सगळं ऐकू येतं. नझीरचाचा बंदरातून रिटायर झाले तरी पहाटे उठायचं सोडत नाहीत. नमाजाला निघताना जिन्यात खाकरतात, तोच माझा अलार्म. आबिदाचाची तुझ्या बहिणीच्या लग्नाच्या खरेदीत गळ्यापर्यंत बुडाली आहे. निकाह ४ मेला, हे तुला कळलंच असेल. नवरामुलगा कैफ, करंजाड्याचा, पनवेलला मेडिकल स्टोअर आहे. दिसायला बरा आहे, बोलतो कमी. आपल्या सुमय्यासमोर तेच बरं.

येणारा-जाणारा प्रत्येक जण विचारतो, शोएब येणार ना? चाचा स्वतः कोणाला विचारत नाहीत. पण दुसऱ्या कोणी विचारलं की त्यांचं पेपर वाचणं थांबतं. चार वर्षं झाली लेका तुला जाऊन.

आता मुद्द्यावर येतो. आमच्या बेलापूरच्या ऑफिसात अबोली म्हणून एक मुलगी जॉइन झालीय. अकाउंट्समध्ये. हसू नकोस. परवा लिफ्टमध्ये आमचे साहेब शिरले तर ती मैत्रिणीला म्हणाली, ‘काय मस्त वास आहे ना.’ साहेब मोंतारेल लावतात. फ्रान्सचं. तू ज्या काउंटरला उभा असतोस तेच ना ते? मग एक बाटली पाठव. छोटी चालेल. अर्धी वापरलेलीसुद्धा चालेल. आपल्याला काही इज्जत नाही.

तुझा,
आश्या

ता.क. आई विचारते, खजूर पाठवलेस त्यात बिया का नव्हत्या?


दुबई,
१९ जानेवारी १९९७

प्रिय आश्या,

सलाम. काकूंना सांग, बिया मशीनने काढतात. मी नाही खाल्ल्या.

बाटली मिळणार नाही. राग मानू नकोस, ऐकून घे. आम्हा काउंटरवाल्यांना कंपनी वर्षातून एकच मोंतारेल देते, ती ईदच्या आधी. विकत घ्यायची म्हटलं तर माझं अर्धं राशन जाईल. आणि ती एक बाटली कुठे जाते ते तुला माहीत नाही. घराबाहेर कोणाला सांगितलेलं नाही. ती अब्बांना जाते. दर वर्षी, कोणीतरी गावाकडे निघालं की त्याच्या हाती. यंदाची पाचवी, गेल्याच आठवड्यात पाठवली.

मी निघालो तेव्हा आमचं काय झालं ते तू जिन्यातूनच ऐकलं होतंस. अब्बांनी खैरण्याला केमिकल कंपनीत माझ्यासाठी शब्द टाकला होता. लॅबमध्ये नोकरी, पांढरा कोट, महिन्याला पगार. मी म्हटलं, मला दुबईला जायचंय. तेव्हा ते म्हणाले, ‘बी.एस्सी. केलं ते काय दुकानात उभा राहून लोकांच्या मनगटावर फवारे मारायला?’ मी पण तोंडाला येईल ते बोललो. म्हणालो, तुम्ही आयुष्यभर बंदरावर दुसऱ्यांच्या पेट्या मोजल्यात, तुम्हाला काय कळणार. ते शब्द मी रोज परत गिळतो, पण ते काही पोटात राहत नाहीत.

माफी मला मागता येत नाही, तुला माहीतच आहे. म्हणून बाटली पाठवतो. अब्बांचं पत्र दर महिन्याला येतं. तब्येत सांभाळ, नमाज चुकवू नकोस, आंबे आले, आंबे संपले. बाटलीबद्दल एक अक्षर नाही. चार वर्षांत एकदाही नाही. अम्मीला विचारलं तर ती ‘लावतात रे’ म्हणेल, तिला सगळ्यांना खूश ठेवायचं असतं. सुमय्याला विचारलं तर ती सरळ अब्बांनाच जाऊन विचारेल.

म्हणून तू माझं एक काम कर. ईदला तू आमच्या घरी जातोसच. गळाभेट होईल तेव्हा नीट वास घे. लावलं असेल तर त्यांनी मला माफ केलं असं मी समजेन आणि लग्नाला येईन. नसेल लावलं तर सोनं पाठवून देईन आणि इथेच राहीन. भरल्या मांडवात त्यांनी तोंड फिरवलेलं मला सहन नाही होणार.

आणि हो, रस्त्यावरचं डुप्लिकेट घेऊ नकोस. अंगावर चट्टे येतील आणि अबोली दुसऱ्या लिफ्टने जाईल.

तुझा,
शोएब


सानपाडा,
११ फेब्रुवारी १९९७

प्रिय शोब्या,

काल ईद झाली. रिपोर्ट देतो, पण आधी माझं ऐक.

मी डुप्लिकेट घेतलं.

पनवेलच्या बाजारात एक म्हातारा अत्तरवाला बसतो. काचेच्या पेटीत शंभरेक बाटल्या, प्रत्येकीवर चिठ्ठी. गुलाब, खस, मजमुआ आणि मधेच ‘मोंतारेल टाइप’. मी विचारलं, टाइप म्हणजे? तर म्हणतो, ‘म्हणजे तेच, फक्त पासपोर्ट नाही.’ बोटाएवढी बाटली, तेलासारखं, मनगटावर घासायचं. वास घेतला आणि खरं सांगतो शोब्या, साहेबच समोर उभे राहिल्यासारखं वाटलं. आपोआप शर्ट नीट केला.

दुसऱ्या दिवशी भरपूर चोपडून ऑफिसात गेलो. लिफ्टमध्ये अबोली होती. तिने वळून बघितलं. मी सकाळभर हवेत. साडेअकराच्या चहाला ती टेबलापाशी आली, नाक वर केलं आणि विचारलं, ‘तुमच्याकडे आज गणपती आहेत का?’ मी म्हटलं, जानेवारीत? तर म्हणे, ‘नाही, केवड्याचा वास येतोय.’ मी शर्ट हुंगला. खरंच केवडा. सकाळी फ्रान्स आणि चहापर्यंत केवडा. तो अत्तरवाला भेटला तर त्याला विचारणार आहे, मधे पॅरिस कुठे सोडलंस.

असो. आता तुझं काम. आई आणि मी सकाळी तुमच्याकडे गेलो. शिरखुर्मा दोन वाट्या खाल्ला. चाचा ईदगाहवरून आले, पांढरा झब्बा, डोळ्यांत सुरमा. गळाभेट तीन वेळा होते हे चांगलं आहे, एका वेळी काम झालं नसतं. पहिल्या वेळी घाईत नुसती दाढी लागली. दुसऱ्या वेळी आला. मोंतारेल. तिसऱ्या वेळी मी जरा जास्तच थांबलो, चाचा म्हणाले, ‘अरे, झोपलास का?’

तर लावलं होतं. खात्रीने सांगतो. मोंतारेलचा वास होता. आता जास्त चौकशा करू नकोस, रजा टाक आणि ये. आबिदाचाचीने तुझ्यासाठी शेरवानीचं कापड घेऊन ठेवलंय, माप माझं घेतलंय. माझ्या पोटाचं माप तुला होणार नाही, तेव्हा लवकर ये.

तुझा,
आश्या


दुबई,
२४ फेब्रुवारी १९९७

आश्या, माझ्या भावा,

तुझं पत्र स्टोअररूममध्ये उभा राहून वाचलं. मग परत वाचलं. मॅनेजर आला तर त्याला वाटलं घरी काही वाईट झालं. मी म्हटलं, नाही सर, माझ्या वडिलांनी परफ्यूम लावला. त्याने मला पाणी आणून दिलं.

रजा टाकली. पूर्ण महिन्याची. सुमय्याला वेगळं पत्र लिहिलंय की मी येतोय आणि अब्बांची बाटली कोणाला हात लावू देऊ नकोस, उन्हात ठेवू नकोस, कपाटात ठेव. पहिली बाटली एव्हाना संपली असेल, दुसरी पण संपत आली असेल. आमच्या म्हाताऱ्याने मला कळू दिलं नाही. अकड किती असावी माणसाला.

तुझ्या डुप्लिकेटवर मी खूप हसलो. मोंतारेलला वरती लिंबू आणि काळी मिरी, मधे चामडं, शेवटी चंदन. केवडा कुठेच नाही. तुला त्या म्हाताऱ्याने उल्लू बनवलंय. अबोलीला माझ्यातर्फे सांग की तिचं नाक फार चांगलं आहे, आमच्याकडे नोकरी मिळेल.

तुला मी एक छोटी बाटली आणतो. राशन गेलं चुलीत.

तुझा,
शोएब


सानपाडा,
९ मार्च १९९७

प्रिय भाई,

अस्सलाम आलेकुम. तू येतोस हे वाचून अम्मी रडली, मग हसली, मग लगेच लोणचं घालायला बसली. पत्र अब्बांना वाचून दाखवलं. संध्याकाळी त्यांनी जाऊन तुझ्या खोलीचा पंखा दुरुस्त करून आणला. तीन वर्षं तो नुसता घुं घुं करत होता.

आता तू लिहिलंस म्हणून सांगते. तू बाटली कपाटात ठेव म्हणतोस, पण त्या कपाटातच आहेत रे भाई. आल्या तशा. चार आहेत, चारही सीलबंद, प्लास्टिकसुद्धा काढलेलं नाही. पहिली तू पाठवली होतीस ती मात्र नाही. अम्मी म्हणते अब्बांनी ती कधीच कोणाला तरी देऊन टाकली. कोणाला ते तिला माहीत नाही आणि मी विचारलं तर अब्बांनी विषय बदलला.

अब्बा लावतात ते एक छोटंसं अत्तर आहे, झब्ब्याच्या खिशात असतं. पनवेलहून आणतात. जुम्म्याला, ईदला, रोज पाची वेळेला तेच. तुला वाईट वाटेल म्हणून मी कधी लिहिलं नाही. पण तू बाटली संपली असेल म्हणालास, तेव्हा खोटं कसं लिहू?

भाई, तू तरीपण ये. माझ्यासाठी ये. कैफच्या घरचे तुला बघायला आतुर आहेत, त्यांना वाटतं दुबईचा भाऊ म्हणजे सहा फूट असेल.

तुझी,
सुमय्या


दुबई,
२० मार्च १९९७

आशुतोष,

सुमय्याचं पत्र आलं. तुला सगळं माहीत होतं.

तू स्वतःच लिहिलं होतंस, पनवेलचा अत्तरवाला, मोंतारेल टाइप. अब्बा पण पनवेलहूनच आणतात. ईदच्या दिवशी तुला केवडा आला असणार, तुझ्या अंगावर आला तसाच. नाक माझं बाजारात चालतं आणि तुझं एक पत्र मला हुंगता आलं नाही. खात्रीने सांगतो म्हणालास. खात्रीने.

माझी अस्सल बाटली बापाने सीलसकट कपाटात टाकली, एक कोणाला तरी देऊन टाकली, आणि स्वतः रस्त्यावरचं डुप्लिकेट विकत घेऊन लावतो. माझ्या हातचं नको, बाजारचं चालेल. याहून साफ शब्दांत कोणी काय सांगणार? मी इथे दर ईदला स्वतःच्या कपड्यांवर एक थेंब उडवत नाही, सांभाळून पाठवतो.

रजा रद्द करतोय. मॅनेजरला सोमवारी सांगेन. सोनं आणि कपडे येणाऱ्याच्या हाती पाठवेन. सुमय्याला काय लिहायचं ते अजून सुचलेलं नाही.

तुझ्यावर राग नाही असं लिहिणार होतो, पण आहे.

शोएब


सानपाडा,
४ एप्रिल १९९७

प्रिय शोब्या,

शिव्या खायच्या तेवढ्या मी खाईन. केवडा मला ईदलाच आला होता, तिसऱ्या मिठीला. म्हणून तर थांबलो होतो. पण तू लिहिलं होतंस की नसेल लावलं तर येणार नाही, मग मी काय करायला हवं होतं? लावलं होतं, वास मोंतारेलचाच होता, एवढंच लिहिलं. बाकीचं तू आल्यावर तुमचं तुम्ही बघून घ्याल असं वाटलं. चूक झाली.

तुझं पत्र आलं आणि मी त्याच पावली खाली गेलो. चाचा बाल्कनीत बसले होते. मी चप्पल काढायच्या आतच म्हणाले, ‘ईदला माझ्या मानेत नाक खुपसून उभा होतास, तेव्हापासून मी वाट बघतोय कधी विचारतोस.’

मग मी सरळ विचारलं. चाचा, शोएबच्या बाटल्या का नाही उघडल्या?

त्यांनी खिशातून ती छोटी बाटली काढली. माझ्याकडे आहे तशीच, मोंतारेल टाइप. मला म्हणाले, ‘पोरा, त्याच्या बाटलीत स्पिरिट हाय. दारूचंच बीज ते. कोणी म्हणतं चालतं, कोणी म्हणतं नाही चालत. दुबईत सगळे लावतात, मला माहीत हाय. पण ज्या उस्तादाकडे मी लहानपणी शिकलो त्यांनी सांगितलं ते माझ्या मनातून निघत नाही. ते अंगाला लावून मी नमाजाला उभा राहिलो तर मन त्या स्पिरिटापाशीच राहील.’

मी म्हटलं, मग त्याला लिहायचं ना तसं.

शोब्या, चाचांनी त्या बाटलीचं झाकण घट्ट केलं. मग म्हणाले, ‘तो वास विकून पोट भरतो. त्याला लिहू, तुझा माल मला नमाजाला चालत नाही? जाताना त्याच्या कामाला एकदा नावं ठेवली ती ठेवली. परत ठेवली असती तर त्याला वाटलं असतं, बाप माझ्या कमाईलाच नको म्हणतो.’

आणि पहिली बाटली? ती त्यांनी उघडली. एकदाच. मग ती घेऊन पनवेलला त्या अत्तरवाल्याकडे गेले आणि म्हणाले, माझा मुलगा दुबईत हे विकतो, मला हेच पाहिजे, पण स्पिरिट नको. अत्तरवाल्याने ती बाटली ठेवून घेतली आणि तेलात जुळवत बसला. चाचा दर जुम्म्याला जायचे, मनगटावर लावून घ्यायचे आणि नाही म्हणायचे. यात लिंबू कमी, यात चामडं जास्त. अख्खा उन्हाळा म्हाताऱ्याला छळलं. शेवटचा वास काही त्याला जमेना. मग चाचाच म्हणाले, राहू दे, शेवटी केवडा टाक. आमच्या गावच्या खाडीला केवडा आहे, पोरगा लहानपणी त्यातच खेळायचा.

म्हणजे शोब्या, मी जे डुप्लिकेट घेतलं ते तुझ्याच बाटलीचं आहे. चाचांसाठी बनवलं आणि उरलेलं अत्तरवाला लोकांना विकतोय. मी अबोलीसमोर दिवसभर तुझ्या बापाचा वास घेऊन फिरत होतो.

मी विचारलं, रोज लावता? तर म्हणाले, ‘पाची वेळेला. लावलं की घरात पोरगा आल्यासारखं वाटतं. केवडा यायला लागला की वाटतं, आता घरी पोचला.’

मला तिथे बसवेना. वर आलो आणि हे लिहायला बसलो. आता तू काय करायचं ते तू ठरव. मॅनेजरला सोमवारी सांगणार होतास, तो सोमवार गेला असला तर परत जा आणि पाय धर त्याचे.

करंजाड्याचा एक जण परवा दुबईला चाललाय. त्याच्या हाती हे पत्र आणि चाचांनी दिलेलं एक पाकीट पाठवतो. चाचांनी माझ्यासमोर लिहिलं, पण मला वाचू दिलं नाही.

तुझा,
आश्या

ता.क. अबोलीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, मग केवडा आला तर त्याला नावं ठेवू नका. उद्यापासून परत लावायचं ठरलंय.


सानपाडा,
४ एप्रिल १९९७

चिरंजीव शोएब यांस अनेक दुवा.

आशुतोषने तुला सगळं लिहिलं असेल, तो पोटात काही ठेवत नाही. सोबत एक बाटली पाठवतो. तुझ्या दुकानातल्यासारखी नाही, पण मला चालते. लावून बघ.

माझ्याकडे चार बाटल्या नव्या आहेत. कैफ असलं लावतो, त्याला आणि त्याच्या भावांना तू स्वतःच्या हाताने दे. भाऊ म्हणून तुझा मान राहील. यापुढे पाठवू नकोस, कपाटात जागा नाही.

निकाहच्या वेळी मुलीच्या बाजूने साक्षीदार म्हणून तू उभं राहायचं आहेस. मी तिथे दुसऱ्या कोणाचं नाव दिलेलं नाही आणि देणार नाही. तुझ्या खोलीचा पंखा आता आवाज करत नाही.

पेट्यांचं तू म्हणाला होतास ते बरोबर होतं. मोजल्याच आयुष्यभर. पण प्रत्येक पेटी कोणाच्या तरी घरी जायची, एवढं मला कळत होतं.

तब्येत सांभाळ. आंबे या वर्षी उशिरा आहेत, तू आल्यावर निघतील.

तुझा अब्बा,
नझीर


दुबई,
१४ एप्रिल १९९७

प्रिय आश्या,

तुझं पत्र, अब्बांचं पत्र आणि ती बाटली एकाच दिवशी हातात आली. अब्बांचं पत्र मी तुला दाखवणार नाही, पण सांगतो की ते माझ्या खिशात आहे आणि दर तासाला मी चाचपून बघतो.

मॅनेजरला मी सोमवारी सांगितलंच नव्हतं. रागात होतो, पण तोंड उघडलं नाही. काल त्याला सांगितलं की रजा तशीच ठेवा. तो म्हणाला, तुझ्या वडिलांनी परत परफ्यूम लावला का? मी म्हटलं, हो सर, रोज लावतात, मलाच माहीत नव्हतं.

खरी गंमत त्यानंतरची. आज सकाळी अब्बांची बाटली मनगटाला आणि कानामागे लावून मी काउंटरला उभा राहिलो. मागे काचेत मोंतारेलच्या पन्नास बाटल्या, मी पुढे मोंतारेल टाइप लावून. सुरुवातीला फरक कळेना, मला, ज्याचा हा धंदा आहे. लिंबू, मिरी, चामडं, सगळं जागच्या जागी. त्या अत्तरवाल्याला मी भेटणार आहे. दुपारपर्यंत मी विसरूनही गेलो होतो. मग एका बाईला पिशवी देताना हात पुढे केला आणि केवडा आला.

आश्या, मी चार वर्षं या वाळवंटात हजारो वास घेतले. एकदम आमची खाडी समोर आली, चिखलात रुतलेले पाय, अब्बा काठावरून ओरडतायत की काटे लागतील, बाहेर ये. मी त्या बाईला सुटे पैसे द्यायचेच विसरलो. ती परत आली, पैशांसाठी नाही. म्हणाली, तुम्ही लावलंय ते कुठलं आहे, मला माझ्या नवऱ्यासाठी पाहिजे. मागे पन्नास बाटल्या उभ्या होत्या आणि मॅनेजर ऐकत होता. मी म्हटलं, मॅडम, ते आमच्याकडे नाही. ते माझ्या वडिलांनी बनवून घेतलंय.

तुझ्यावरचा राग गेला. पण मार खाशील, तयारीत राहा. तुझी छोटी बाटली आणत नाही, तुला आता तिची गरज नाही. अबोलीला भेटायचंय. काकूंसाठी खजूर बियांसकट आणतोय.

१ मेच्या सकाळी सहारच्या विमानतळावर उतरतो. कोणाची तरी गाडी मागून घे. आधी वाटलं होतं, अब्बांना न सांगता एकदम दारात उभा राहीन. पण नको. ते पंखा दुरुस्त करून बसलेत, त्यांना वाट बघू दे, आणि मग सोबत घेऊन ये. ऐनवेळी निघू नकोस, दोन-तीन तास आधीच निघ, म्हणजे मी बाहेर येईपर्यंत केवडा आलेला असेल.

त्यांना एवढंच सांग, लावून या.

तुझा,
शोएब